लेकुरवाळी गांडुळं

गांडूळ माशाला घालण्याआधी एक दिवस आणि एक रात्र उपाशी ठेवावं लागतं. त्याच्या पोटात माती असते, शेण असतं. तसंच टाकीत सोडलं तर पाणी नासतं आणि मासे पोट फुगून मरतात. म्हणून ओलं गोणपाट पिळून घमेल्यात अंथरायचं, त्यावर गांडुळं सोडायची, वरून दुसरं गोणपाट झाकायचं आणि घमेलं सावलीला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी उघडलं की खाली काळे बारीक दाणे पडलेले असतात आणि गांडूळ चांगलं फिकट झालेलं असतं. अंगातून जाणारी काळी रेघ गेलेली असते. मग तीन पाण्यांतून धुवायचं. मोठ्या माशांना अख्खं टाकायचं. लहानांसाठी फरशीच्या तुकड्यावर ब्लेडने बारीक चिरायचं आणि चहाच्या गाळणीत घालून नळाखाली धरायचं, लाल पाणी संपेपर्यंत.

पहिल्या दिवशी चिरताना माझे डोळे मिटत होते. आठ दिवसांनी मी ते काम चहा पिता पिता करू लागले. माणसाला कशाचीही सवय होते हे खरं आहे, पण ते सांगताना मला बरं वाटत नाही.

हे काम मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे सुप्याजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक. पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती घराणं. रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची लांब शेड बांधली आणि काचेच्या टाक्यांत शोभेचे मासे वाढवायला घेतले. गावात त्या शेडला मासेघर म्हणतात. पुण्याच्या दुकानांत जाणारी पिल्लं इथे तयार होतात.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, तलावाच्या काठावर. आमच्याकडे गांडूळ गळाला लावतात आणि मासा पकडून खातात. मी सातवीपर्यंत शिकले. एका पावसाळ्यात भाताच्या रोवणीच्या दिवसांत शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर आमच्या घरचे, म्हणजे माझा नवरा, ठेकेदारामार्फत सुप्याच्या एमआयडीसीत लागले, मीही मागोमाग आले. सहा महिन्यांनी कंपनीने त्यांना ब्रेक दिला. परत बोलावतील की नाही ठाऊक नाही, गावात ओळखीचं कोणी नाही, अशा वेळी मी धुण्याभांड्यांचं काम विचारत दारोदार फिरले. सरांनी एकच प्रश्न विचारला, "पाण्यात हात घालायची भीती वाटते का?"

मी म्हटलं, "सर, आमचं गावच पाण्यात आहे."

ते हसले आणि त्याच दिवसापासून मला ठेवून घेतलं. इकडे सगळे भाकरी खातात, आम्हाला भाताशिवाय जमत नाही, हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात तांदळाची पिशवी दिली. रविवारी ते चर्चला जात आणि सगळं मासेघर माझ्या भरवशावर सोडून जात. हे सगळं मी अशासाठी सांगतेय, की पुढे मी जे केलं ते अशा माणसाच्या बाबतीत केलं.

सर आधी पुण्याहून पिशवीतून जिवंत किडे मागवायचे. केसासारखे बारीक, लाल, एकमेकांत गुंतलेले. ते गटारातले असतात आणि त्यांच्याबरोबर रोग येतो. एकदा एक अख्खी टाकी गेली, तेव्हा सर म्हणाले, "स्वच्छ गांडुळं कुठे मिळतात का बघ."

मासेघराच्या मागे एक बांध ओलांडला की मावशींचं घर. मावशी म्हणजे साठीच्या आतबाहेरची शेतकरीण. घरात मुलगा आणि सून. बचत गटाच्या शिबिरातून मावशींनी कापडी पिशवीत थोडी गांडुळं आणली होती आणि गोठ्याशेजारच्या छपराखाली विटा लावून गांडूळखताचा बेड केला होता. शेण, पाचट, भाजीचे देठ, वर ओली गोणपाटं. मी बांधावरून विचारलं, "मावशी, थोडे गांडुळं देता का? माशांसाठी पाहून राहिले."

"पाहून ऱ्हायली? कुठली गं तू?"

"भंडाऱ्याची."

"लई लांबची. आन् मासं खानार व्हय माझी गांडुळं? मग मासं कोन खानार?"

"कोणी नाही. ते बघायचे असतात."

"नुस्तं बघायचं?" मावशींनी तोंडाला पदर लावला आणि घराकडे तोंड करून ओरडल्या, "सूनबाई, ऐकलं का? मास्तर मासं पोसतो आन् खात न्हाई!"

सून आतून म्हणाली, "तुमी तरी गांडुळं पोसून खाता का, आत्या?"

मावशींनी मला बेडजवळ बसवलं आणि गोणपाट उचललं. शेकडो गांडुळं उजेडाला भिऊन आत शिरायला लागली. त्यातलं एक त्यांनी तळहातावर घेतलं. त्याच्या मानेशी फुगीर, फिकट पट्टा होता. "ही बघ. पट्टा हाय का? ही लेकुरवाळी. अंडी घालनारी हीच. हिला हात लावायचा न्हाई. बिनपट्ट्याची घे. सोमवारी आन् गुरुवारी, ओंजळ ओंजळ. जास्त न्हाई."

"बदल्यात काय देऊ, मावशी?"

"तुमच्या टाक्यांचं घान पानी नाल्यात सोडता ना? ते हिकडं आन."

टाक्यांमधलं थोडं पाणी रोज सकाळी नळीने काढून बदलावं लागतं. माशांच्या विष्ठेचं ते पाणी झाडांना खतासारखं असतं, आणि सुप्याकडे उन्हाळ्यात कुठलंच पाणी घाण नसतं. मी रोज दोन बादल्या बांधावरून न्यायची. एक बेडवर शिंपडायची, एक मावशींच्या वांग्यांना. सरांचा नियम असा की मासा आजारी पडला आणि टाकीत खडेमीठ घातलं, तर त्या टाकीचं पाणी वेगळं काढून नाल्यातच टाकायचं. तो नियम मी कधी मोडला नाही.

त्या छपराखालच्या जागेवर मावशींच्या मुलाचा डोळा होता. त्याला तिथे कडबाकुट्टीचं यंत्र बसवायचं होतं. गाई वाढल्या होत्या, हाताने कुट्टी होत नव्हती, त्याचंही चूक नव्हतं. पण मावशी हलायला तयार नव्हत्या. घर मुलाचं, शेत मुलाच्या हातात, स्वयंपाकघर सुनेचं. "एवढी चार पत्र्यांची जागा माझी," त्या म्हणायच्या. शेवटी मुलाने माझ्यासमोरच सांगितलं होतं, "आये, गांडुळं नांदत्यात तवर जागा तुझी. मेली का यंत्र बसवनार. मग रडायचं न्हाई."

"माझी गांडुळं तुझ्या गाईंपरीस जास्त जगतील," मावशी म्हणाल्या होत्या.

मार्च संपेपर्यंत मी शब्द पाळला. मग ऊन वाढलं. गांडुळं खाली गेली, वर सापडायची ती दोऱ्यासारखी. ती घमेल्यात उपाशी ठेवली की आणखी सुकायची, आणि चिरायला गेलं की ब्लेडखाली गोळा व्हायची. त्याच सुमाराला सरांच्या एंजल माशांच्या जोड्या अंडी देईनात. एंजल म्हणजे चपटे, लांब परांचे, पतंगासारखे दिसणारे मासे. त्यांना अंड्यावर आणायचं तर जिवंत खाणं पोटभर लागतं. सर टाकीसमोर उभे राहून म्हणाले, "खाणं कमी पडतंय का गं?"

एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. पण आमच्या घरच्यांना दुसऱ्यांदा ब्रेक मिळाला होता आणि मला रात्रंदिवस एकच ऐकू येत होतं, की माझ्याकडून कमी पडतंय.

त्या गुरुवारी मावशी चहा ठेवायला आत गेल्या आणि मी पाच पट्टेवाली उचलली. पाचच. डब्यात तळाशी टाकली आणि वर बारीक गांडुळं पसरली. चहा आला तेव्हा मी आधी तांब्याभर पाणी प्याले. मावशी म्हणाल्या, "ऊन लागलं का तुला?"

शनिवारी एंजलच्या एका जोडीने टाकीत ठेवलेल्या दगडी पाटीच्या तुकड्यावर अंडी घातली. सरांनी मला हाक मारून दाखवलं. "तुझ्या हाताला गुण आहे," ते म्हणाले.

असं मला आधी कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, घरी नाही. ते ऐकायला मिळावं म्हणून मी सोमवारी दहा घेतली. नंतर मोजणं सोडून दिलं. हात सरावला. गोणपाट उचललं की नजर आपोआप पट्ट्यावर जायची. ती जाड असतात, चिरायला सोपी, मासे तुटून पडतात. मनाला मी सांगायची की मावशींचा बेड मोठा आहे, अंडी तर आत असतीलच, पाऊस आला की परत भरेल. आणि मावशी दर वेळी चहा ठेवायला आत जायच्या. माझ्यावर विश्वास नसता तर मी चोरी करू शकले नसते.

जून लागेपर्यंत बेड हलका झाला. खत वर यायचं थांबलं. शेण तसंच पडून, वर बुरशी. मावशी रोज हात घालून बघायच्या. "खाली गेली आसतील गारव्याला," म्हणायच्या. मग मुंग्यांवर संशय आला, त्यांनी विटांच्या कडेने हळदीची रेघ ओढली. मग सुनेवर.

"साबनाचं पानी हिकडं सोडलंस तू."

"आत्या, मोरी पलीकडं हाय, पानी काय चढ चढून येतंय का?"

"मग गेली कुठं सगळी? माहेराला?"

"मला काय ठावं! ती भंडारावाली रोज माशाच्या मुताचं पानी वतती, ते दिसत न्हाई. आन् मी वाईट!"

दोघींच्या मध्ये मी चहाचा कप घेऊन बसले होते. दोघींनी माझ्या बादल्यांकडे बघितलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी मावशी मासेघरात आल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या. टाक्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. "मास्तर, रागावू नका. पान्यात काय घालता का तुमी?"

सर खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "मासा आजारी पडला की मीठ घालतो."

"मीठ?"

सरांचा चेहरा उतरला. गांडुळाला मीठ म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मिठाचं पाणी वेगळं टाकायचा नियम त्यांचाच होता. पण तो पाळला का, एवढंही त्यांनी मला विचारलं नाही. मला चार माणसांत खाली बघायला लागू नये म्हणून असेल. त्यांनी सरळ हात जोडले. "चूक माझी आहे. इतके दिवस पाणी पाठवलं, एकदा येऊन बघायला हवं होतं. मला माफ करा."

"आवो मास्तर, हात कशाला जोडता! मी आपलं इचारलं." मावशीच ओशाळल्या.

मी चार हात लांब उभी होते, फरशीच्या तुकड्यापाशी. माझ्यासमोर चिरलेली गांडुळं होती आणि त्यांतल्या तुकड्यांवर पट्टे दिसत होते. मी त्यावर गाळणी पालथी ठेवली.

पाणी बंद झालं. वांगी सुकायला लागली. मावशींच्या मुलाने टेप आणून छपराखालची जागा मोजली. मावशींनी आठ दिवस मागून घेतले. "आठ दिसात चार लेकुरवाळ्या दाखवते तुला." तो म्हणाला, "दाखव. पन यंत्र सांगून ठेवलंय मी."

त्या आठवड्यात मला जेवण जाईना. आमच्या घरच्यांनी विचारलं, मी म्हटलं गावची आठवण येते. मावशी मासेघरात आल्या त्याच्या आधीच्या सोमवारी धरलेल्यांचं शेवटचं घमेलं अजून माझ्याकडे होतं. उघडून बघितलं, तर चाळीसएक पट्टेवाली जिवंत होती, उपाशी ठेवलेली, तीन पाण्यांतून धुतलेली, चिरायला तयार. मंगळवारी सुप्याला बाजारासाठी मावशी आणि सून गेल्या, हे मी बांधावरून पाहिलं. ब्लेड ठेवून दिलं, घमेलं पदराखाली घेतलं आणि जाऊन ती सगळी बेडच्या ओल्या कोपऱ्यात सोडली. वरून गोणपाट झाकलं. परत येताना मला इतकं हलकं वाटलं, जणू मी कोणावर उपकार करून आले होते. मावशींना चार दिसायला हव्या होत्या, मी चाळीस दिल्या. कोणाला काही कळणार नाही आणि जागा वाचेल. देवाचे आभारसुद्धा मानले मी.

पण मावशी लवकर आल्या. तासाभरातच बांधावरून हाक आली. मी हसतच गेले. सून बाजाराच्या पिशव्या आत नेत होती. मावशी बेडपाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर एक पट्टेवालं गांडूळ होतं.

"सापडली का, मावशी?" मी म्हटलं.

"सापडली."

"बघा, मी म्हटलं होतं ना, खाली गेली असतील."

त्यांनी हात उजेडाकडे धरला. "माझ्या गांडुळाच्या पोटात शेन आसतं. काळी रेघ आसती. हिच्या पोटात कायबी न्हाई. उपाशी हाय ही. आन् अंगाला मातीचा कन न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या गावात गांडुळं कोन धुतं?"

मला जे सांगायचं होतं ते मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाच कधी घेतली, दहा कधी, डब्यात तळाशी कशी ठेवायची. मावशींनी शेवटी विचारलं, "आन् मिठाचं?"

"मिठाचं पाणी मी कधीच आणलं नाही. ते वेगळं नाल्यात टाकायची."

"म्हंजी तुला ठावं हुतं."

"होय."

"तो मास्तर माझ्यापुढं हात जोडून उभा ऱ्हायला तवा बी ठावं हुतं."

मी मान हलवली. मावशींनी ते गांडूळ परत सोडलं, त्याला आत शिरेपर्यंत बघितलं. "माझं राहू दे. आधी जा आन् त्याला सांग."

बांध ते मासेघर शंभर पावलं असतील. मी त्यात काय काय ठरवलं. काम गेलं तर खोली सोडायची, आमच्या घरच्यांना काय सांगायचं, भंडाऱ्याला आईला काय सांगायचं. सर एका टाकीची काच पुसत होते. मी सांगितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "म्हणजे मीठ नव्हतं?" आणि त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. इतके दिवस त्या माणसाने ते वाहिलं होतं. मग ते तीच स्वच्छ काच पुसत राहिले.

"म्हणजे माझी पिल्लं त्यांच्या बेडवर मोठी झाली," ते म्हणाले. "तुझ्या हाताला गुण आहे, असं मी म्हणालो होतो."

"सर, मी उद्यापासून येत नाही."

"उद्या वेळेवर ये," ते म्हणाले. "आणि आज जोड्यांना काही घालू नकोस."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

संध्याकाळी सर स्वतः मावशींच्या मुलाकडे गेले. तो त्यांचा विद्यार्थी. त्याने खुर्ची दिली, पाया पडला, सगळं ऐकून घेतलं. सर म्हणाले, "तीन महिने थांब. अंडी आहेत आत, पाऊस पडला की बेड भरेल." तो म्हणाला, "सर, तुमचा शब्द मोडताना जिवावर येतं. पन यंत्राचं पैसं भरलंय, रविवारी येतंय. आन् आईनं मला आठ दिस म्हनलं हुतं, तीन महिने न्हाई." मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी दाराशीच उभी होते. त्याच्या आईने आठ दिवसांत चार लेकुरवाळ्या दाखवल्या असत्या तर तो थांबला असता. त्या तिने दाखवल्या नाहीत. बेडमध्ये चाळीस होत्या, पण मी चोरून नेऊन, धुऊन परत ठेवलेली गांडुळं बेडमध्ये नांदलेली म्हणून मुलापुढे धरायला मावशी तयार नव्हत्या.

रविवारी यंत्र आलं. विटा काढताना मावशींनी बेड घमेल्याघमेल्याने एका तडकलेल्या प्लास्टिकच्या टबात भरला. टब जड झाला तेव्हा दुसरी कड धरायला सूनच पुढे आली. दोघींनी तो घरामागच्या शेवग्याखाली नेऊन ठेवला. मी हात लावायला गेले, तर सून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आमी हाय." छपराखाली यंत्र सुरू झालं. मावशींनी पहिली पेंढी स्वतःच्या हाताने आत सारली, मुलगा सांगत होता तशी.

आता सरांनी मासेघराच्या बाजूला सिमेंटच्या कड्यात आपला बेड केलाय. तिथे गांडुळं धरायची, उपाशी ठेवायची, धुवायची, चिरायची, सगळं मीच करते. पट्टेवाली सोडून. पाणीही परत सुरू झालं. रोज दोन बादल्या मी बांधावरून नेते आणि मावशी घेतात. चहा देतात. आईची तब्येत विचारतात, मी "येऊन राहिली" म्हटलं की अजून हसतात. आमच्या घरच्यांना परत कामावर घेतलं, तेव्हा मावशींनी माझ्या हातावर साखर ठेवली. कोणी बघितलं तर म्हणेल, या दोघींमध्ये काही झालंच नाही.

फक्त टबावरचं गोणपाट ओलं करायची वेळ झाली, की त्या कप माझ्यापुढे सरकवतात. "तू बस हितंच. च्या पी," म्हणतात, आणि बादली घेऊन एकट्या शेवग्याकडे जातात. माझ्याकडे पाठ करून वाकतात आणि बराच वेळ हात आत घालून बघतात. किती झाली, हे मी अजून विचारलेलं नाही.